चाळीस पावलांवरचा भुऱ्या

भुऱ्या शनिवारी संध्याकाळी गेला आणि त्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी पहाटे हाती लागला. मधे अकरा रात्री गेल्या. तो सापडला ती जागा आमच्या जिन्याच्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. मी नंतर मोजली, दोनदा. त्या अकरा दिवसांत मी तिथून किती वेळा गेले असेन, ते मात्र मोजायला नको वाटतं.

हे लिहिते आहे कारण त्या पहिल्या रात्री दोन वाजता मी फोनवर हेच शोधत होते: कुणाचं मांजर गेलं, त्यांनी काय केलं, किती दिवसांनी आलं. मिळालं ते बहुतेक एका ओळीचं होतं. ‘आमचं तीन दिवसांनी आपोआप आलं.’ किंवा, ‘आमचं कधीच आलं नाही.’ मधलं कुणी सांगत नव्हतं.

भुऱ्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला, राखाडी पट्ट्यांचा बोका. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. तो जन्मात घराबाहेर पडलेला नाही; डॉक्टरकडे जातो तेही पेटीतून, वाटभर रडत. आमच्याकडे ठमी नावाची दुसरी मांजर आहे, ती मोठी आणि शहाणी. त्या शनिवारी सिंकखालचा नळ गळत होता म्हणून प्लंबर आला. त्यानं पाना आणायला खाली दोन चकरा मारल्या आणि दार उघडं राहिलं. दार लोटून घ्या, असं मीही सांगितलं नव्हतं. रात्री साडेनऊला खाण्याच्या वेळी ठमी एकटीच आली, तेव्हा कळलं.

पहिली रात्र आम्ही अगदी चुकीच्या पद्धतीनं घालवली. मी, नवरा आणि शेजारची तीन मुलं टॉर्च घेऊन ‘भुऱ्याऽऽ भुऱ्याऽऽ’ करत सगळं आवार पालथं घालत होतो. खाण्याचा डबा खुळखुळवत होतो. मुलं धावत होती, मी रडत होते, नवरा मला ‘रडू नकोस’ म्हणत माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात हाका मारत होता. बारा वाजता मी प्लंबरला फोन करून नको नको ते बोलले. त्यानं एवढंच विचारलं, ‘ताई, रंग कोणता?’ आणि रविवारी सकाळी आठ वाजता तो स्वतःहून शोधायला आला. त्या आठवड्यातली ती पहिली शरम.

रविवारी ‘काय करावं’ हे सांगणारे खूप भेटले. कुणी म्हणालं, त्याचा वाळूचा ट्रे बाहेर ठेवा, वासानं येईल. ठेवला. संध्याकाळपर्यंत आवारातले दोन दांडगे बोके येऊन त्यावर आणि आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर फवारा मारून गेले. या उपायाबद्दल मतं टोकाची आहेत. मला तरी वाटतं, घाबरलेल्या घरबशा मांजराच्या वाटेवर दुसऱ्या बोक्यांना आमंत्रण देण्यात शहाणपण नाही. ट्रे मी आत घेतला आणि पायरी धुतली. त्याऐवजी त्याची झोपायची चादर आणि माझा वापरलेला कुडता जिन्याखाली ठेवला. त्याचा उपयोग झाला की नाही, सांगता येत नाही. निदान तोटा झाला नाही.

पोस्टर रविवारी दुपारी केलं. पहिल्या मसुद्यात मी अर्धा निबंध लिहिला होता: स्वभाव, आवडीनिवडी, आम्ही किती दुःखात आहोत. नवऱ्यानं तो खोडला. वर मोठ्ठ्या अक्षरांत ‘मांजर हरवले आहे’, खाली एकच स्पष्ट फोटो, त्याखाली ‘पकडायला जाऊ नका, पाठलाग करू नका, फोटो काढून लगेच कळवा’ आणि नंबर. चालत्या गाडीवरून वाचता आलं पाहिजे, एवढीच कसोटी. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड खाली करून लावा. आमची पहिली दहा पोस्टर तोंड वर ठेवल्यामुळे एका सरीत गेली. आणि एक गोष्ट पोस्टरवर मुद्दाम लिहू नका. भुऱ्याच्या मागच्या डाव्या पायाचं एक बोट पांढरं आहे. ते आम्ही फोटोत दिसू दिलं नाही. का, ते पुढे येईल.

सोमवारी कचेऱ्यांचा दिवस. भुऱ्याला चिप आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवलेली. खूप जणांनी विचारलं, ‘मग नकाशावर दिसत नाही का?’ नाही दिसत. त्या चिपमध्ये बॅटरी नसते. कुणीतरी स्कॅनर अंगावरून फिरवला तर पंधरा आकडी क्रमांक उमटतो, बस. तो क्रमांक कुणाच्या नावावर आहे हे नोंदणीच्या यादीत पाहावं लागतं. आणि यादीत आमचा फोन नंबर तीन वर्षांपूर्वीचा होता, जो आता बंद आहे.

तो बदलायला मला सोमवार ते गुरुवार लागले. बदलासाठी ओटीपी लागतो आणि ओटीपी जुन्या नंबरवर जातो. नंबर बंद आहे म्हणूनच बदलायचा आहे, हे मदतकेंद्रातल्या मुलीला मी तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा तिनं अतिशय नम्रपणे तोच ओटीपी पुन्हा पाठवला. शेवटी चौथ्या फोनवर एका अनुभवी बाईंनी मार्ग सांगितला: चिप बसवणाऱ्या डॉक्टरांचं क्रमांकासह पत्र, माझं ओळखपत्र आणि लसीकरणाच्या पुस्तिकेचं पहिलं पान, हे सगळं एकाच ईमेलमध्ये जोडून पाठवायचं. वेगवेगळं पाठवलं तर त्याच्या वेगवेगळ्या तक्रारी नोंदवल्या जातात आणि कुणीच कुणाला जोडत नाही. तुमच्या मांजराला चिप असेल तर हे वाचून होताच यादीतला तुमचा फोन नंबर तपासा. मांजर घरात मांडीवर असताना हे दहा मिनिटांचं काम आहे.

त्याच दिवशी प्राणी निवाऱ्यातही गेले. आधी फोन केला होता, तिकडून उत्तर आलं, ‘राखाडी पट्टेरी बोका नाही.’ तरी गेले, आणि बरं झालं गेले. भुऱ्या तिथं नव्हता, पण नोंदवही पाहताना कळलं की आवक लिहिणारा माणूस पट्टेरी मांजराला सरसकट ‘काळी-पांढरी’ लिहितो, आणि नसबंदी झालेले दोन बोके ‘मादी’ म्हणून नोंदलेले होते. कुणाची चूक नाही, फणकारणाऱ्या मांजराची शेपटी उचलून कोण बघणार? पण त्यामुळे फोनवरच्या ‘नाही’ला अर्थ उरत नाही. दर दोन दिवसांनी स्वतः जाऊन पिंजरे बघायचे. बेवारस आलेला प्राणी किती दिवस राखून ठेवतात आणि त्यानंतर काय करतात, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. प्रत्येक ठिकाणी मुदत वेगळी असते. मी ‘हरवल्याची नोंद’ हा अर्जही भरला. त्यात ‘प्राण्याच्या सवयी’ असा एक रकाना होता. मी लिहिलं, ‘भित्रा.’ मग पुढे लिहिलं, ‘सकाळी तोंडावर पंजा ठेवून उठवतो,’ आणि खोडलं.

मंगळवारी दोन फोन आले. पहिला एका बाईंचा, दोन गल्ल्या सोडून. आम्ही धावत गेलो. राखाडी बोका होता, रुबाबदार, आणि आमच्याकडे बघून त्यानं जांभई दिली. दुसरा फोन संध्याकाळी, एका माणसाचा. मांजर त्याच्याकडे आहे, तो परगावी निघाला आहे, येण्याजाण्याचे पैसे आधी पाठवा. आवाज इतका सभ्य की मी पैसे पाठवायला ॲप उघडलंसुद्धा. नवऱ्यानं फोन हातातून घेतला आणि विचारलं, ‘मागच्या पायांत काही खूण दिसते का?’ तो म्हणाला, ‘नाही, नाही, एकदम साफ आहे.’ फोन बंद. मी त्या रात्री जेवले नाही. त्या पांढऱ्या बोटानं पैसे वाचवले हे खरं, पण पंधरा मिनिटं तो सापडला होता आणि मग पुन्हा हरवला.

बुधवार हा बदलाचा दिवस. निवाऱ्यातल्या एका कार्यकर्तीनं, जी वर्षानुवर्षं मांजरं पकडते, मला फोनवर विचारलं, ‘तुम्ही शोधताय कुठं?’ मी अभिमानानं सांगितलं की मुख्य रस्त्यापलीकडेही पोस्टर लावली आहेत, रोज दोन-तीन किलोमीटर चालतो आहोत. ती म्हणाली, ‘आधी आवाराबाहेर जायचं बंद करा. तुमचा बोका कधी बाहेर गेलेला नाही ना? मग तो गेलेला नाही. तो लपलाय. तुम्ही हाका मारताय म्हणून अजूनच लपलाय.’

मला ते पटायला एक दुपार लागली. मग मी वाचत बसले. २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सापडला, १२१० हरवलेल्या मांजरांचा, मालकांनी भरलेल्या प्रश्नावलीवरून केलेला. त्यात वर्षभरात ६१ टक्के मांजरं सापडली होती. पहिल्या सात दिवसांत मालकांना जिवंत सापडलेली ३४ टक्के. नव्वद दिवसांनंतर जिवंत सापडलेली फार थोडी. हे आकडे वाचून पोटात खड्डा पडला, कारण माझे पाच दिवस संपत आले होते. पण त्याच्याच पुढे होतं की सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं निसटलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. आणि कायम घरातच राहणाऱ्या मांजरांतली तेवढीच तर १३७ मीटरच्या आत. १३७ मीटर म्हणजे आमचं आवार आणि शेजारच्या दोन इमारती. मी तीन किलोमीटर चालत होते.

माझी आई असल्या वेळी ‘काखेत कळसा’ म्हणते. त्या दिवशी फोनवर तिनं ते म्हटलं नाही, हे तिचे उपकार.

हाकेबद्दलही वाचलं. मांजराला आपल्या माणसाचा आवाज ओळखू येतो, हे जपानमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं. मालकाची हाक ऐकून मांजरं कान वळवायची, डोकं हलवायची, पण उठून यायची नाहीत. २०१९ मध्ये त्यांना स्वतःचं नावही इतर शब्दांतून वेगळं कळतं असं दिसलं. म्हणजे भुऱ्या ऐकत असणार. घाबरलेलं मांजर आवाज न करणं हाच बचाव मानतं. मालकाला ओ दिली तर जवळपासच्या बोक्यांनाही पत्ता कळतो. चार रात्री मी त्याच्यासमोरूनच ओरडत गेले असेन आणि तो आत श्वास धरून बसला असेल, हा विचार मला अजूनही मधेच आठवतो.

बुधवारपासून आम्ही पद्धत बदलली. एक, ‘मांजर पाहिलंत का’ असं विचारणं बंद केलं. लोक खरंच सांगतात, ‘नाही पाहिलं,’ कारण त्यांनी पाहिलेलंच नसतं. त्याऐवजी ‘मी पाच मिनिटं तुमच्या माळ्याखाली, गाडीखाली, बाल्कनीतल्या अडगळीत वाकून बघू का?’ असं विचारायचं. एकानंही नाही म्हटलं नाही. एका बंद स्टोअररूमची किल्ली मिळायला दोन दिवस लागले. त्यात भुऱ्या नव्हता, पण तिथं दुसरं कुणाचं मांजर खरोखरच अडकलेलं असू शकलं असतं, इतकी ती खोली भरलेली होती.

दोन, टॉर्च कमरेजवळ धरायचा नाही, स्वतःच्या डोळ्यांच्या पातळीवर धरायचा आणि प्रकाशाच्या रेषेतून बघायचं. मांजराच्या डोळ्यांत मागे एक परावर्तक पडदा असतो, त्यावरून उजेड उलटा फिरतो आणि अंधारात दोन हिरवट ठिपके दिसतात. पहिल्या रात्री मुलांनी उभ्यानं टॉर्च मारला होता. खाली फटीत बसलेल्या मांजराचे डोळे त्या कोनातून दिसणारच नव्हते. त्यामुळे पोटावर झोपून बघायचं. कपड्यांचा मोह सोडायचा. जिथं डोकं जात नाही तिथं फोनचा व्हिडिओ आणि दिवा सुरू करून हात आत घालायचा. या पद्धतीनं मला एक बेडूक, दोन घुशी आणि शेजाऱ्यांचा वर्षभरापूर्वी हरवलेला क्रिकेटचा चेंडू सापडला.

तीन, रात्री दोन ते पाच खाली बसून राहायचं. शोधायचं नाही, नुसतं बसायचं. हे सगळ्यात अवघड गेलं. शोधताना आपण काहीतरी करतोय असं वाटतं. बसल्यावर सगळं आठवतं. बुधवारी रात्री मी जिन्याच्या पायरीवर बसून हळू आवाजात फोनवर आईशी बोलत होते. कार्यकर्तीनंच सांगितलं होतं की हाक नको, रोजचं बोलणं ऐकू द्या. आई म्हणाली, ‘काय बोलू?’ मी म्हटलं, ‘काहीही बोल.’ तिनं मला चाळीस मिनिटं तिच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. रात्री तीनला. आयांना कसली झोप!

गुरुवारी खाणं ठेवायला सुरुवात केली, दोन ठिकाणी: जिन्याखाली, आणि पंपाच्या खोलीमागे. पंपाच्या खोलीमागे कशासाठी? तळमजल्यावरच्या आजींनी सुचवलं म्हणून. त्यांची मागची खिडकी तिथं उघडते. खोलीची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामधे हातभर फट आहे, तिथं कुणीतरी जुनी दारं रचून ठेवली आहेत. आजी म्हणाल्या, ‘रात्री तिथं काहीतरी खुडबुडतं बाई. मी आपली उंदीर म्हणून सोडून देते.’ ठमीही आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून रात्र रात्र खाली त्याच बाजूला बघत असायची. पण ती आधीपासूनच त्या खिडकीत बसते, त्यामुळे तिला श्रेय देताना मी जरा हात आखडता घेते. नवरा पूर्ण देतो.

खाण्याबरोबर पहारा लागतो, नाहीतर आपण आवारातल्या सगळ्या बोक्यांना जेवू घालत बसतो. विकतच्या कॅमेऱ्याची गरज पडली नाही. जुना मोबाईल, हालचाल झाली की चित्रीकरण सुरू करणारं फुकटचं ॲप, आणि आजींच्या खिडकीतली प्लगची जागा. पंपाच्या खोलीवरचा पिवळा दिवा रात्रभर जळतो, तेवढा उजेड पुरला. अंधार असेल तर मात्र मोबाईल निरुपयोगी, मग रात्री दिसणारा कॅमेरा कुणाकडून तरी उसना आणावा.

पहिल्या रात्रीच्या चित्रीकरणात एक फाटक्या कानाचा बोका येऊन दोन मिनिटांत वाटी साफ करून गेला. शुक्रवारच्या रात्री, म्हणजे शनिवारी पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी, रचलेल्या दारांच्या खालून आधी एक पंजा आला. मग बराच वेळ काही नाही. मग पोट जमिनीला घासत, मान आखडून, एक राखाडी मांजर वाटीपर्यंत आलं, तीन घास खाल्ले आणि कसल्यातरी आवाजानं पुन्हा आत गेलं. परत फिरताना मागचं डावं पाऊल दिव्याखाली आलं. मी ते अकरा सेकंद किती वेळा पाहिले ते विचारू नका. सकाळी सहाला नवऱ्याला उठवलं, मग आजींना, आणि मग प्लंबरला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं: अंगठा.

आता खरी परीक्षा होती. तो कुठे आहे हे माहीत असताना तिथं न जायची. मी शनिवारी सकाळी चादर आणि पेटी घेऊन निघालेच होते. कार्यकर्ती फोनवर जवळजवळ ओरडली. ‘हात घातलात तर एक तर चावेल, नाही तर कुंपण ओलांडेल. मग १३७ मीटर विसरा.’ घाबरलेल्या अवस्थेत ते तुम्हाला ओळखतीलच असं धरून चालू नये, असं ती म्हणाली. मला ते बोचलं, पण पिंजरा आणायला गेले.

पिंजरा निवाऱ्यातून मिळतो: लोखंडी जाळीचा, लांबट, आत पाय ठेवायच्या पट्टीवर वजन पडलं की मागचं दार पडतं. त्यासाठी एक अर्ज, ओळखपत्राची प्रत, परत मिळणारी अनामत रक्कम आणि ‘पिंजरा लावून सोडून जाणार नाही’ असं लिहून द्यावं लागतं. शनिवारी कार्यालय अर्धा दिवसच उघडं असतं, हे मला पावणेबाराला दारात उभी राहिल्यावर कळलं. रांगेत माझ्यापुढे एकच माणूस होता, म्हणून निभावलं. तुम्हाला वाटतंय की मांजर जवळपास आहे, तर ते दिसायची वाट न बघता आधीच पिंजऱ्यासाठी नाव घाला. आमच्याकडे तीनच होते.

आणल्या आणल्या तो लावायचा नसतो, हे मला नवं होतं. शनिवार आणि रविवार, दोन रात्री दार दोरीनं वर बांधून ठेवलं. तळाला जुने कागद, म्हणजे जाळी पंजाला टोचत नाही. वर आणि बाजूंनी चादर, त्याचीच. खाणं पहिल्या रात्री तोंडापाशी, दुसऱ्या रात्री निम्म्यावर. मांजरांसाठीचं माशाचं ओलं खाणं, थोडं कोमट करून, म्हणजे वास लांब जातो. बाकीची वाटी आता बंद. दोन ठिकाणी जेवण असेल तर पिंजऱ्यात कोण जाईल? शनिवारी तो फक्त वास घेऊन गेला. रविवारच्या रात्री, म्हणजे सोमवारी पहाटे चारला, निम्मं अंग आत घालून जेवला. शेपटी बाहेर होती. मी आजींच्या खोलीत अंधारात खुर्चीवर बसून फोनवर ती शेपटी बघत होते आणि आजी झोपेत कूस बदलत विचारत होत्या, ‘गेला का गं आत?’

सोमवारी रात्री पिंजरा खरा लावला, खाणं अगदी शेवटाला. १ वाजून ५ मिनिटांनी दार पडलं. फाटक्या कानाचा. तो जराही घाबरला नाही, बसून उरलेलं खाणं संपवलं आणि मग दार उघडा म्हणून ओरडायला लागला. त्याला सोडलं, पिंजरा पुसला, पुन्हा लावला. पहाटेपर्यंत काही नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आवाजानं भुऱ्या पळाला आणि सगळं संपलं. नवरा काही बोलला नाही, चहा करून आणला.

मंगळवारी रात्री फाटक्या कानाला आधीच, आवाराच्या दुसऱ्या टोकाला, पोटभर जेवण दिलं. ही युक्ती आजींची. ‘पाहुण्याला आधी वाढून वाटेला लावायचं,’ म्हणाल्या. बुधवारी पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी खटका वाजला. मी धावले नाही. कार्यकर्तीनं घोकून घेतलं होतं: आधी चादरीनं पूर्ण झाका, अंधारात ते शांत होतात, आणि आवारात काही झालं तरी दार उघडू नका, ‘आपलंच आहे, कडेवर घेते’ म्हणून दार उघडून पुन्हा हरवलेली मांजरं तिनं पाहिली होती. मी चादर टाकली, खाली बसले आणि म्हटलं, ‘भुऱ्या.’ आतून फणकारा आला. दोन जिने चढेपर्यंत फणकारे चालू होते. न्हाणीघरात नेऊन दार लावलं, खिडकी बंद केली, मग पिंजरा उघडला. तो बाहेर आलाच नाही. दहा-बारा मिनिटांनी आला, बादलीमागे जाऊन बसला, आणि मग, अकरा रात्री एक शब्द न बोललेला तो बोका, जो ओरडायला लागला तो थांबेना.

डॉक्टरकडे त्याच सकाळी गेलो. ५.२ किलोचा ४.३ झाला होता, गोचिड्या होत्या, एक नख मुळापासून तुटलेलं, शरीरात पाणी कमी. डॉक्टरांनी रक्त घेतलं ते यकृतासाठी. मांजर, विशेषतः अंगानं भरलेलं, काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून दिसायला ठीक असलं तरी दाखवून घ्या आणि लाडानं एकदम पोटभर घालू नका; आम्हाला दिवसातून सहा-सात वेळा, दोन-दोन चमचे असं सांगितलं. यकृत शाबूत निघालं. सलाईन, इंजेक्शन, तपासण्या मिळून जे बिल झालं ते पोस्टर, छपाई, खाणं, सगळ्या शोधाच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त होतं. तेवढी तजवीज ठेवा. चिपही स्कॅन करून घेतली: क्रमांक तोच, नंबर आता माझा.

ठमीचं वेगळंच. मला वाटलं, ती धावत येईल. तिनं दाराखालून एकदा वास घेतला, पाठ फुगवली आणि फणकारली. त्याच्या अंगाला दवाखान्याचा, मातीचा, पिंजऱ्याचा वास होता, घरचा नव्हता. मांजरांच्या लेखी ओळख म्हणजे वास, चेहरा नंतर. त्याला पाच दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं, दोघांच्या चादरी अदलाबदल केल्या, दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या लावल्या. सहाव्या दिवशी तिनं त्याला चापट मारली आणि मग कान चाटला.

पोस्टर मी स्वतः फिरून काढली, सगळी. निवाऱ्यातली नोंद रद्द केली, पिंजरा धुऊन परत दिला, अनामत परत घेतली. फाटक्या कानाला अजून आवाराच्या त्या टोकाला वाटी जाते. आजी देतात, मी आणून देते.

सिंकखालचा नळ या सगळ्यात तसाच गळत होता. महिन्यानं प्लंबरला पुन्हा बोलावलं. तो आला, दार लावलं, कडी घातली, कडी ओढून बघितली, आणि हत्यारांची पिशवी दाराला टेकवून ठेवली. ‘बोका कुठंय?’ म्हणाला. भुऱ्या कपाटावर होता. तो दिसल्यावरच प्लंबर सिंकखाली वाकला. मधे त्याला काहीतरी लागलं, तर म्हणाला, ‘ताई, खाली गाडीत पाना राहिलाय, तुम्ही आणता का?’

मी गेले. दार ओढून घेतलं.